पेठापेठांतले सोलापूर : एका पुस्तिकेच्या प्रकल्प नोंदी

4 ऑगस्ट 2024, रविवार

जुळे सोलापुरातल्या आमच्या लहानशा वाचक गटाने आज एक काम अंगावर घेतले. सोलापुरातच राहणाऱ्या माणसाला सुटीच्या दिवशी फारसा खर्च न करता जाता येईल, पाहता येईल आणि जमल्यास हाताने काही करूनही बघता येईल, अशा कमी ओळखीच्या गोष्टींची पुस्तिका तयार करायची आहे. आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेतो, तलावाकाठी फिरवतो, चाटी गल्लीत एक चादर घेऊन देतो आणि दुसऱ्या दिवशी पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट किंवा गाणगापूरच्या गाडीत बसवतो. दुसऱ्या गावांना जाताना मुक्काम करायचे गाव, अशी सोलापूरची ओळख झाली असेल तर ती आपणच करून दिलेली आहे, आणि ती बदलायची असेल तर आधी आपणच हे शहर नीट पाहिले पाहिजे, यावर सर्वांचे एकमत झाले.

नियम ठरले ते असे. जी गोष्ट लिहायची ती आमच्यापैकी कोणीतरी स्वतः जाऊन पाहिलेली असावी. सकाळी निघून संध्याकाळी परत येता यावे. ती जागा कोणत्या वेळी आणि कोणत्या ऋतूत पाहावी, हे लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण धरू नये.

गटातल्या एक बाई पूर्वभागात, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या विणकरांच्या पेठांत, वाढलेल्या आहेत. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड व उर्दू हे त्यांच्या लहानपणापासूनचे. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांचे बोलणे मला फार महत्त्वाचे वाटले. त्या म्हणाल्या, "सर, आपल्या गावात लपलेलं काही नाही. आमच्या पेठेतल्याला ते रोजचं आहे आणि तुमच्याकडच्याला त्याचं नावही माहीत नाही, एवढंच." म्हणून लोकांना विचारायचा प्रश्नही बदलला. सोलापुरात पाहण्यासारखे काय आहे असे विचारले की सगळीकडे तीच चार नावे ऐकू येतात. त्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या पेठेपुरते विचारायचे: तुमच्या गल्लीत असे काय आहे, जे बघायला बाहेरचे कोणीच येत नाही?

11 ऑगस्ट, रविवार

भुईकोट किल्ल्यापासून सुरुवात केली. किल्ला कमी ओळखीचा कसा, असा आक्षेप बैठकीत आला होता आणि तो रास्त होता. पण बाहेरच्या रस्त्याने हजारदा गेलेले आणि आत एकदाही पाऊल न टाकलेले सोलापूरकर किती निघतील, याचा अंदाज आपापल्या घरात विचारूनही घेता येईल. आमच्याच गटातल्या काही जणांची ही पहिली भेट होती.

हा किल्ला बहमनी काळातला. तटबंदी दुहेरी आहे, तीन बाजूंना खंदक आणि एका अंगाला सिद्धेश्वर तलाव आहे, म्हणजे डोंगराचा आधार नसलेल्या सपाट मुलखात संरक्षणाची सगळी भिस्त पाण्यावर आणि भिंतींवर होती. पुढे आदिलशाही आणि निजामशाही यांच्यात या किल्ल्यासाठी सतत ओढाताण झाली. चांदबीबीचा विवाह विजापूरच्या अली आदिलशहाशी झाला तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला गेला, ही गोष्ट शाळेत शिकलेली असते, पण तटावर उभे राहून ती आठवली की एका लग्नात हे एवढे दगडी बांधकाम देण्याघेण्यात होते याची जाणीव होते. मे 1818 मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने पेशव्यांच्या सैन्याकडून हा किल्ला घेतला.

पुस्तिकेत मात्र इतिहासापेक्षा तट कसा पाहावा याला जास्त जागा द्यायची असे मी ठरवले आहे. आत उत्खननातून मोकळे झालेले जुन्या देवळाचे अवशेष आहेत, कोरीव खांब आहेत. ते पाहून झाले की तटाच्या भिंतीकडे वळावे आणि साध्या घडीव दगडांमध्ये मधूनच बसवलेले कोरीव दगड शोधावेत. एका ठिकाणी वेलबुट्टीची पट्टी असलेला दगड आडवा बसवलेला दिसला, आणि कोरीव काम त्याच दगडाच्या कडेशी अर्धवट तुटले होते, कारण तिथे त्याला शेजारचा साधा दगड भिडवलेला आहे. लहान मुलांना हे शोधायला लावले तर तासभर कसा गेला ते त्यांना कळत नाही. आमच्याबरोबरच्या दोन मुलांनी मोठ्यांपेक्षा जास्त दगड शोधून काढले. पावसाळ्यात ऊन कमी असते आणि गवत हिरवे असते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरची सकाळ उत्तम. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा या उघड्या दगडांत कोणाला पाठवू नये.

19 ऑगस्ट, सोमवार, नारळी पौर्णिमा

आज अक्कांबरोबर मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव पाहिला. पद्मशाली समाजाची विणकर घराणी तेलंगणातून सोलापुरात आली, गिरण्यांत आणि मागांवर स्थिरावली, आणि त्यांनी आपले दैवतही इथे रुजवले. सिद्धेश्वर पेठेतल्या मार्कंडेय मंदिरातून नारळी पौर्णिमेला निघणारी मिरवणूक हा पूर्वभागाचा वर्षातला मोठा सण असतो. घरोघरी पाहुणे, दारात रांगोळ्या, नवे कपडे. त्याच दिवशी शहराच्या दक्षिणेला राहणारी आमच्यासारखी माणसे राखीपौर्णिमेचे जेवण उरकून झोपलेली असतात.

मिरवणुकीच्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा मला पहाटेपासून दुपारपर्यंतचा वेळ अधिक आवडला. कन्ना चौक, दाजी पेठ, साखर पेठ, भद्रावती पेठ असे चालत जावे. दुकानांच्या पाट्यांवर मराठीखाली तेलुगू अक्षरे दिसतात, उंबऱ्यात बसलेल्या आजीबाई एकमेकींशी तेलुगूत आणि नातवंडांशी मराठीत बोलतात, आणि इडलीच्या गाड्यांवर सकाळी सातलाच गर्दी असते. या गाड्यांवरची चटणी आपल्या हॉटेलातल्या चटणीपेक्षा तिखट असते हे लक्षात ठेवावे. अक्कांनी ओळख करून दिलेल्या एका घरी आम्हाला आग्रहाने बसवून घेतले. अशी ओळख वाचकाला पुस्तिकेतून मिळणार नाही हे उघड आहे, पण इतके लिहिता येईल की या भागात कोणाला प्रेमाने विचारले तर लोक हातातले काम बाजूला ठेवून सांगतात.

1 सप्टेंबर, रविवार

यंत्रमागाचा कारखाना आत जाऊन पाहिला. सोलापूरची चादर देशभर माहीत आहे, सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तरीही चादर विणली जाताना पाहिलेली माणसे सोलापुरातच फार थोडी. माझ्या मते या पुस्तिकेतली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच ठरेल, म्हणून ती सविस्तर लिहितो.

गाळ्यात शिरताच आवाज अंगावर येतो. शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि माग चालवणारे एकमेकांशी हातवाऱ्यांनी व ओठांच्या हालचालींनी बोलतात. मागाच्या मागच्या बाजूला बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, ताण्याचे म्हणजे उभे हजारो धागे गुंडाळलेले असतात. धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो आणि त्याच्या पोटातल्या कांडीवरचा बाणा, म्हणजे आडवा धागा, ताण्यातून ओढला जातो. हे कोणत्याही मागावर दिसते. चादरीच्या मागाची गंमत डोक्यावर आहे. तिथे जेकार्ड बसवलेले असते आणि त्याच्यावरून भोके पाडलेल्या जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांची, दोरीने एकमेकांना शिवलेली, एक लांबच लांब माळ फिरत असते. एक पत्ता पुढे सरकतो, त्याला जिथे भोक असते तिथली सुई आत शिरते, त्या सुईशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि आकड्याबरोबर ताण्याचे ठरलेले धागे वर येतात. जिथे भोक नाही तिथले धागे खालीच राहतात. मधून धोटा जातो. मग पुढचा पत्ता. म्हणजे चादरीवरच्या मोरपिसाचा एकेक आडवा धागा कोणीतरी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून काढलेला असतो आणि मग पुठ्ठ्यावर भोके पाडून लिहिलेला असतो. आता काही ठिकाणी हे काम संगणकावर होते, पण आम्ही गेलो तिथे पत्त्यांचीच माळ होती.

तिथले एक वयस्कर विणकर अण्णा आम्हाला मागाजवळ घेऊन गेले. मधला एक धागा तुटला तसा त्यांनी माग थांबवला, दोन्ही टोके बोटांच्या चिमटीत धरली, अंगठ्याने एक पीळ दिला आणि गाठ दिसायच्या आत माग पुन्हा चालू केला. मी त्यांना गाठ पुन्हा दाखवायला सांगितली. त्यांनी हसून माझ्या हातात दोन तुकडे दिले आणि सावकाश करून दाखवले. माझ्या बोटांना ते जमले नाही, पण गटातल्या एका मुलीला दुसऱ्या खेपेला जमले. तिला त्यांनी तो गाठ मारलेला धागा बरोबर न्यायला दिला.

पुस्तिकेसाठी सूचना. कारखाना हा कामाचा गाळा आहे, प्रदर्शनाची जागा नव्हे. मालकांना आधी फोन करून वेळ घ्यावी, पदर-ओढणी आवरून बांधावी, चालत्या मागाला हात लावू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि पूर्वभागातल्या गल्ल्यांत असे कारखाने आहेत. पाळी बदलण्याच्या सुमारास गेले तर माणसांना बोलायला थोडी सवड असते. बाजारात सोलापुरी म्हणून बाहेरगावच्या स्वस्त चादरीही खपवल्या जातात. कारखान्यात एकदा चादर हातात धरून तिच्या दोन्ही बाजू पाहिल्या, एका बाजूला जो जमिनीचा, म्हणजे नक्षीभोवतीचा, रंग तोच दुसऱ्या बाजूला नक्षीचा रंग कसा होतो हे समजून घेतले आणि तिचे वजन हाताला कळले, की दुकानात चादर पारखायला आपण थोडे तरी शिकतो.

8 सप्टेंबर, रविवार

गणेशोत्सवात शुक्रवार पेठेतल्या आजोबा गणपतीचे दर्शन घेतले. या सार्वजनिक उत्सवाची परंपरा 1885 पासून सांगितली जाते. मूर्ती आणि तिच्याभोवतीचा जुन्या पेठेचा परिसर पाहण्यासाठी उत्सवाचे दिवस टाळून एखाद्या मंगळवारी सकाळी यावे, असे नोंदवले. सोलापूरचे स्वतःचे अष्टविनायकही आहेत. बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर, म्हणजे आपले सिद्धेश्वर, यांनी नगराभोवती त्यांची स्थापना केली अशी श्रद्धा आहे. त्यांविषयी जानेवारीत लिहिणार आहे.

22 सप्टेंबर, रविवार

गिरण्यांचा भाग पायी फिरलो. 1860 मध्ये रेल्वे सोलापुरात आली, कापूस आणि कापड दोन्हींची वाहतूक सोपी झाली, आणि 1877 मध्ये जी गिरणी सुरू झाली तिला लोक अजूनही जुनी मिल म्हणतात. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या. भोंग्यावर शहराचे घड्याळ चालत असे. माझ्या आईच्या स्वयंपाकाची वेळही भोंग्याने ठरत असे, कारण वडिलांचा डबा पाळीआधी तयार असावा लागे. आज गिरण्या बंद आहेत आणि त्यांच्या जागांवर वसाहती, दुकाने, कार्यालये उभी राहिली आहेत.

मग इथे पाहण्यासारखे काय, असा प्रश्न गटात आला. माझे मत असे की, या भागात एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला बरोबर घेऊन फिरावे, एवढीच नोंद पुरे आहे. आज आमच्याबरोबर एक काका आले होते. खात्यांची दारे कुठे होती, पाळीला माणसे कोणत्या बाजूने शिरत, पगाराच्या दिवशी कोणाच्या खानावळीत रांग लागे, हे ते मोकळ्या मैदानाकडे बोट दाखवत सांगत होते. असे काका प्रत्येक सोलापूरकराच्या नात्यात किंवा शेजारात आजही आहेत, आणि आणखी काही वर्षांनी ते नसतील. म्हणून पुस्तिकेत मी या नोंदीला इतर सर्व नोंदींच्या आधी ठेवण्याचा आग्रह धरणार आहे.

याच फेरीत सेटलमेंट भागाचा विषय निघाला. इंग्रजी कायद्याने ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांना इथे तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी घेतली जात असे आणि गिरण्यांत कामाला लावले जात असे. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. ही वस्ती बघायला जाण्याची जागा म्हणून पुस्तिकेत घालू नये, असे मी सुचवले आणि ते मान्य झाले. मात्र गिरण्यांच्या नोंदीत हा इतिहास लिहायचा, कारण त्याशिवाय सोलापूरच्या कापडाची गोष्ट अर्धीच राहते.

10 ऑक्टोबर, गुरुवार

आजच्याच तारखेला 1910 मध्ये डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापुरात जन्मले. भैय्या चौकाजवळचे त्यांचे जन्मघर आता स्मारक म्हणून जपलेले आहे. 1938 मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीसाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. इतर परतले तरी कोटणीस तिथेच राहिले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, चीनमध्ये जखमींची सेवा केलेल्या कॅनडाच्या डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चीनमधून आलेले पाहुणे या घराला आवर्जून भेट देतात. आपल्या शहरातल्या किती शाळा मुलांना इथे आणतात, हे मी ओळखीच्या शिक्षकांना विचारले, आणि उत्तरे ऐकून वाईट वाटले.

घर लहान आहे, आणि तेच त्याचे बळ आहे. खोल्यांतून फिरताना, याच जिन्यावरून, याच अंगणातून खेळणारा मुलगा पुढे कुठे जाऊन पोचला, हा विचार मनातून हलत नाही. दहावी-बारावीच्या मुलांना सोबत न्यावे, आणि जायच्या आधी स्मारक उघडे असण्याची वेळ विचारून घ्यावी.

16 ऑक्टोबर, बुधवार, कोजागरी

कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचा लोंढा शहरातून निघतो. ही वाट लाखो जणांच्या पायाखालची आहे, त्यामुळे कमी ओळखीच्या गोष्टींत ती बसत नाही. वगळली.

17 नोव्हेंबर, रविवार

खाण्याच्या नोंदीसाठी आजचा दिवस दिला. दुकानांची नावे द्यायची नाहीत, हे आधीच ठरले आहे. पदार्थ कसा होतो ते जिथे पाहता येईल, त्या जागा शोधायच्या.

सोलापुरात महिला बचत गट आणि घरगुती उद्योग ज्वारी-बाजरीच्या कडक भाकरी करतात. एका ठिकाणी आम्हाला आत येऊ दिले. पीठ मळून, परातीत थापून भाकरी इतकी पातळ केली जाते की थापणाऱ्या मावशींच्या बोटांचे ठसे कडेपर्यंत दिसतात. तव्यावर भाजून झाल्यावर ती मंद आचेवर पुन्हा ठेवून तिच्यातले पाणी पूर्ण काढतात. मग ती पापडासारखी मोडते आणि अनेक दिवस टिकते. मावशींनी सांगितले की ज्वारी मंगळवेढ्याकडची मालदांडी असेल तर थापताना कड चिरत नाही. कडक भाकरी हाताने चुरायची, तिच्यावर दही किंवा आमटी घालायची आणि सोबत शेंगा चटणी. ही चटणी उखळात कुटलेली असेल तर शेंगदाण्याचे तेल सुटून ती ओलसर, गोळ्यागोळ्यांची होते. मिक्सरमध्ये फिरवलेलीचा भुगा होतो. दोन्ही शेजारी ठेवून चाखायला सांगावे, हा मुद्दा पुस्तिकेत घालणार.

जानेवारीत शेतावर हुरडा मिळतो. शहराच्या कोणत्याही रस्त्याने अर्धा तास बाहेर पडले की हुरड्याची सोय केलेली शेते लागतात, पण ओळखीच्या शेतकऱ्याकडे आगटीजवळ बसून खाल्लेल्या हुरड्याची सर त्याला येत नाही.

15 डिसेंबर, रविवार

पाणी आणि पक्षी. पहाटे विजापूर रस्त्यावरच्या संभाजी तलावावर गेलो. जुने लोक याला कंबर तलाव म्हणतात. शेजारचा सिद्धेश्वर वनविहार आणि हा तलाव मिळून, शहरात राहूनच, पक्षी पाहायला शिकण्याची उत्तम सोय आहे. थंडीत पाहुणे पक्षी येतात. दुर्बीण नसली तरी काठावर शांत बसून राहिले तर बरेच दिसते.

तिथून तुळजापूर रस्त्याने हिप्परगा तलावावर. आदिला नदी अडवून एकोणिसाव्या शतकात बांधलेला हा एकरुख तलाव. सोलापूर कोरड्या मुलखातले गाव, आणि त्याने वर्षानुवर्षे या पाण्यावर तहान भागवली आहे. पट्टकादंब हिमालय ओलांडून अशा तलावांवर उतरतात. आज लांबवर त्यांचा थवा दिसला.

नान्नजला दुसऱ्या दिवशी जावे, एकाच दिवसात कोंबू नये. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर माळढोक अभयारण्य आहे, ते 1979 मध्ये घोषित झाले. माळढोक आता इतके विरळ झाले आहेत की ते दिसतील असे कोणालाही सांगणे योग्य होणार नाही. काळवीट मात्र हमखास दिसतात. गवताळ माळ ही ओसाड जागा नाही, तिचे स्वतःचे जीवन आहे, हे ध्यानात यायला सूर्योदयानंतरचा पहिला तास पुरतो. वनखात्याचे नियम पाळावेत, गाडीतून उतरून कळपामागे जाऊ नये.

29 डिसेंबर, रविवार

हत्तरसंग कुडल. दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर. हे शहराबाहेर आहे, पण सकाळी निघून दुपारपर्यंत परत येता येते, म्हणून नियमात बसते. इथली देवळे बराच काळ मातीत गाडलेली होती, ती मोकळी झाल्यावर बहुमुखी शिवलिंग समोर आले. त्याच्यावर ओळींनी कोरलेले शेकडो लहान चेहरे आहेत. दुरून ते खडबडीत वाटते. जवळ जाऊन, उजेड एका बाजूने पडेल असे उभे राहिले, की एकेक चेहरा वेगळा दिसू लागतो.

संगमेश्वराच्या देवळात तुळईवर शके 940 चा, म्हणजे इ. स. 1018 चा शिलालेख आहे. मराठीच्या अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते, आणि सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची त्याची अखेरची ओळ आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातल्या कोणीतरी आपल्याच भाषेत वाचकाला उद्देशून लिहिलेले वाक्य मान वर करून वाचता येते, त्यासाठी शहरातून एक-दीड तासाचा प्रवास पुरतो, आणि तरीही मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा इथे आलो. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने वर्गासह इथे यावे असे मला मनापासून वाटते. तुळई उंचावर आहे, म्हणून आरशाने उजेड पाडून किंवा तिरपी बॅटरी धरून अक्षरे पाहावीत. लेखाला हात लावू नये, पीठ-चुना फासून ठसा घेऊ नये.

12 जानेवारी 2025, रविवार

हुतात्मा दिन. 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. इंग्रजांविरुद्धच्या मे 1930 मधल्या उठावानंतर शहरात मार्शल लॉ पुकारला होता. चार पुतळ्यांच्या चौकातून आपण रोज जातो. आज सकाळी तिथे थांबून चौघांची नावे मोठ्याने वाचली. चार वेगवेगळ्या समाजांतली ही माणसे एकाच दिवशी एकाच कारणासाठी गेली, ही या शहराची ओळख पुस्तिकेत पहिल्या पानावर असावी, असे ठरले.

13 जानेवारी, सोमवार

संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सर्वांना माहीत आहे. अक्षता सोहळा, होम मैदानावरची दुकाने, शोभेचे दारूकाम, यांसाठी पुस्तिकेची गरज नाही. पण आजचा यण्णीमज्जनाचा दिवस बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून सातही नंदीध्वज निघतात आणि सिद्धरामेश्वरांनी नगराभोवती स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. दिवसभर चालणारी ही नगरप्रदक्षिणाच आहे. पांढऱ्या बाराबंदीतले सेवेकरी, कमरेच्या पट्ट्यात बांबूचा तो उंच नंदीध्वज पेलून चालणारा एक माणूस आणि दोन्ही बाजूंनी दोर ताणून धरणारे त्याचे साथी. ध्वज थोडा कलला की सगळ्यांची पावले एकदम थांबतात, तो सावरला की "हर्र बोला हर्र" असा गजर उठतो.

आम्ही मिरवणुकीच्या मागे काही लिंगांपर्यंत चाललो. काही लिंगे चांगल्या देवळांत आहेत, काही रस्त्याच्या कडेला लहानशा घुमटीत, काही वस्तीच्या मधोमध, दाराशी वाळत घातलेल्या कपड्यांच्या शेजारी. तिथे राहणारी माणसेच त्यांची झाडलोट करतात, दिवा लावतात. एका ठिकाणी दिवा लावणाऱ्या ताईंना आपल्या लिंगाचा क्रमांक पाठ होता, पण पलीकडच्या गल्लीतले लिंग त्यांनी कधी पाहिले नव्हते. अक्कांचे पहिल्या बैठकीतले बोलणे किती खरे आहे ते इथे पुन्हा दिसले.

अडुसष्ट लिंगे, अष्टविनायक आणि अष्टभैरव यांच्या जागा जोडत गेले की बाराव्या शतकातल्या सोन्नलगीची, म्हणजे जुन्या सोलापूरची, हद्द पायांखाली येते. यात्रेनंतर गर्दी ओसरली की रोज सकाळी थोडी लिंगे, असा क्रम ठेवून हे कुणालाही करता येईल. बाराव्या शतकात तलाव खोदून, माणसांना कामाला लावून ज्यांनी हे गाव उभे केले, त्या सिद्धरामेश्वरांना समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

26 जानेवारी, रविवार

मजकूर जुळवण्याची बैठक झाली. क्रम ठिकाणांप्रमाणे न लावता ऋतूंप्रमाणे लावायचा, म्हणजे वाचकाने पुस्तिका कोणत्याही महिन्यात उघडली तरी त्या महिन्यात काय करता येईल ते समोर येईल. प्रत्येक नोंदीखाली जवळचा सिटी बसचा थांबा, उत्तम वेळ आणि सोबत न्यायच्या वस्तू एवढेच द्यायचे. कारखान्यांचे आणि घरगुती उद्योगांचे पत्ते, मालकांनी आणि मावशींनी लेखी संमती दिली तरच छापायचे. लिंगांच्या नोंदीसाठी गटातल्या दोन मुलांनी हाताने नकाशा काढायला घेतला आहे. उत्तर कसबा, बाळीवेस आणि तलावाची बाजू काढून झाली आहे, विजापूर वेशीकडचा भाग फेब्रुवारीत पुन्हा चालून पाहायचा आहे. उन्हाळ्याच्या पानासाठी अजून एकही नोंद नाही. अक्का म्हणाल्या की उन्हाळ्यात पूर्वभागातली माणसे रात्री जेवण झाल्यावर गल्लीत खाटा टाकून बसतात, तेव्हा एप्रिलमध्ये तिकडे रात्री फिरून बघायचे ठरले.